आघाडीचा दोर

दोघे जण एका दोराला बांधून घेऊन उभ्या कातळावर चढू लागले, की लांबून पाहणाऱ्याला त्यांची स्थिती सारखीच भासते. वस्तुतः त्या दोघांच्या स्थितीत महदंतर असते. मागून चढणाऱ्याचा दोर वर गेलेला असतो, वर बसलेला त्याचा सोबती तो हळूहळू ओढून घेत असतो, आणि पाय निसटला तर तो वीतभर खाली येऊन लोंबकळतो, दम खातो व पुन्हा कातळाला भिडतो. पुढे जाणाऱ्याचा दोर मात्र त्याच्या कमरेपासून खाली सुटलेला असतो. शेवटच्या आधारापासून तो जितका वर गेला असेल तितका त्या आधारापर्यंत, आणि पुन्हा तितकाच त्याच्याखाली, तो कोसळणार हे ठरलेले. आणि वाटेत आधारच घेतलेला नसेल, तर खाली दोर धरून बसलेल्याला ओलांडून तो आणखी खोल जाणार, हेही ठरलेले. कातळावर आघाडी घेणे म्हणतात ते हेच. ही आघाडी नवशिक्याला शिकवावी कशी, या प्रश्नाला प्रस्तरारोहणाच्या इतिहासात पहिली जवळजवळ पन्नास वर्षे जे उत्तर मिळत गेले, ते ‘ती शिकवता येत नाही’ असेच होते. आणि ज्यांनी निराळे उत्तर शोधून काढले, त्यांनी पुढे जाणाऱ्यावरची आपली दृष्टी काही काळ काढून घेऊन ती खाली बसलेल्या माणसावर खिळवली. शिखरे कोणी व केव्हा जिंकली याच्या याद्यांत या स्थित्यंतराचा मागमूस नाही. तरीही या क्रीडेच्या इतिहासातील सर्वांत मोलाची हकीकत मला हीच वाटते.

इंग्लंडच्या वायव्येस, सरोवरांच्या प्रदेशात, ग्रेट गेबल नावाच्या डोंगराच्या अंगावर नेप्स नीडल हा सुळका उभा आहे. १८८६ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस वॉल्टर पॅरी हॅस्केट स्मिथ हा तरुण एकटाच, दोराविना, त्याच्या माथ्यावर चढला आणि तसाच उतरला. कातळ चढणे हे मोठ्या शिखराकडे जाण्याचे केवळ साधन न राहता एक स्वतंत्र कर्म म्हणून त्या देशात प्रतिष्ठा पावले ते या घटनेपासून, असे मानण्याचा प्रघात आहे. पुढील दहा-बारा वर्षांत वॉस्डेल हेड येथील पांथशाळेत नाताळात आणि ईस्टरच्या सुटीत वकील, अध्यापक, विद्यार्थी असे नाना व्यवसायांतील लोक जमू लागले, आणि नव्याने आलेल्याची उमेदवारी कशी व्हावी याचा एक शिरस्ता आपोआप पडला. कोणी जाणत्याने त्याला दोरावर घ्यावे, त्याने मागून चढावे, पुढच्याचे पाय कोठे पडतात ते निरखावे, आणि असे काही हंगाम गेल्यावर एखाद्या सोप्या चढाईवर जाणत्याने बाजूला होऊन ‘आता तू पुढे हो’ म्हणावे, एवढाच तो शिरस्ता. यात पाठ नव्हता, परीक्षा नव्हती, आणि मधली पायरीही नव्हती. कालपर्यंत ज्याचा दोर वर होता, त्याचा आज एकाएकी खाली आला.

या मंडळींत ओवेन ग्लिन जोन्स हा एक होता. लंडनच्या सिटी ऑफ लंडन स्कूलमध्ये तो पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि मला वाटते, त्याच्या अंगच्या शिक्षकानेच त्याच्याकडून सर्वांत टिकाऊ काम करवून घेतले. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात सरोवर-प्रदेशातील चढायांची त्याने सोप्या, मध्यम, अवघड आणि अतिकठीण अशी चार वर्गांत प्रतवारी लावली. प्रतवारीकडे आपण आज स्पर्धेच्या दृष्टीने पाहतो. पण उमेदवाराच्या दृष्टीने तो एक अभ्यासक्रम होता. दुसऱ्या वर्गातील चढाया आघाडीने निभावल्याखेरीज तिसऱ्या वर्गाला हात घालू नये, असे सांगण्याची सोय प्रथमच झाली, आणि ‘तुला झेपेल’ किंवा ‘तुला झेपणार नाही’ या जाणत्याच्या लहरी निकालाला काही बाहेरचे प्रमाण मिळाले.

परंतु चढाईची प्रत कळली म्हणून दोराचे बळ वाढत नव्हते. त्या काळचा दोर फिलिपाइन्समधून येणाऱ्या अबाका नावाच्या, केळीच्या जातीतील झाडाच्या वाखाचा असे, आणि व्यापारात त्याला मनिला दोर म्हणत. हा दोर माणसाचे वजन सहज तोलून धरी. पण तो फारसा ताणला जात नसे, आणि झटका बसला की त्या झटक्याचा सगळा भार एका क्षणात त्याच्या तंतूंवर येई. २८ ऑगस्ट १८९९ रोजी आल्प्समधील दां ब्लांश या शिखरावर जोन्स आपल्या एका मित्रासह व तीन वाटाड्यांसह चढत होता. पुढे असलेला वाटाड्या निसटला, मागच्यांवर आदळला, आणि एका दोरातील पाच जणांपैकी चार जण दरीत गेले. पाचवा, त्याचा मित्र हिल, वाचला. कारण त्याच्या आणि बाकीच्यांच्या मधला दोर तुटला. दोर तुटल्यामुळे जीव वाचावा, ही गोष्ट त्या काळच्या दोराविषयी जे सांगते ते कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालाने सांगितले नसते. चारच वर्षांनी, सप्टेंबर १९०३ मध्ये, खुद्द सरोवर-प्रदेशात स्कॉफेल पिनॅकलवर एका दोराला बांधलेले चार तरुण एकदमच कोसळून ठार झाले.

अशा अनुभवांतून एक नियम निघाला, आणि तो पुढील पिढीने जवळजवळ धर्माज्ञेप्रमाणे पाळला: आघाडीच्या माणसाने पडता कामा नये. नियम विवेकाचा होता, यात शंका नाही. जेथे शंभर फूट दोर मधे एकाही आधाराविना लोंबत असे, जेथे कातळात मेख ठोकणे इंग्रज आरोहकांना कमीपणाचे वाटे, आणि जेथे खाली बसलेल्याने खांद्यावरून किंवा एखाद्या खडकाच्या शिंगावरून दोर घेऊन ठेवलेला असे, तेथे याहून दुसरा सल्ला देणे हे पातक ठरले असते. जेफ्री विंथ्रॉप यंग याने संपादिलेल्या १९२० सालच्या ‘माउंटन क्राफ्ट’ या जाडजूड ग्रंथात त्या पिढीची सारी अनुभवसंपदा साठवलेली आहे. पण शिक्षणाच्या दृष्टीने या नियमाचा परिणाम विपरीत झाला. जे करणे निषिद्ध त्याचा अभ्यास कसा करायचा? पडणे हे पाप ठरल्यामुळे पडल्यावर काय करावे याची तालीम कोणी घेईना; आघाडीचा दोर धरणाऱ्याला त्याचे काम प्रत्यक्ष करून पाहण्याची संधी आयुष्यात एकदाच, म्हणजे खऱ्या संकटात, येई; आणि आघाडी घेण्याची पात्रता ही शिकण्याची गोष्ट न राहता स्वभावाची, रक्तातील थंडपणाची, जणू जन्मजात देणगी मानली जाऊ लागली.

देणगीची भाषा आली की ती कोणाला असते आणि कोणाला नसते याचे निवाडेही मागोमाग येतात. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात अनेक स्त्रिया उत्तम चढत होत्या, पण पती, भाऊ किंवा मित्र यांच्या दोरावर, म्हणजे कायमच्या मागून. १९२१ साली एमिली केली आणि तिच्या मैत्रिणींनी पिनॅकल क्लब स्थापला तो याच कारणासाठी: स्त्रियांनी स्त्रियांच्या दोरावर चढावे, म्हणजे कोणाला तरी पुढे व्हावेच लागेल. केलीचा पुढच्याच वर्षी वेल्समधील ट्रायफॅन डोंगरावरील अपघातात अंत झाला. क्लब मात्र टिकला. अमेरिकेतील मिरियम ओ’ब्रायन हिने १९२९ साली अलिस दामेम हिच्याबरोबर शामोनीचा ग्रेपों हा कठीण सुळका पुरुषांच्या साहाय्याविना चढून दाखवला, आणि १९३४ साली लिहिलेल्या एका लेखात तिने ही भूमिका स्वच्छ शब्दांत मांडली की जो सदैव उत्तम माणसाच्या मागून चढतो त्याला गिर्यारोहणातील खरा आनंद, म्हणजे वाट स्वतः उलगडण्याचा आनंद, आणि त्यातले शिक्षण, ही दोन्ही मिळत नाहीत. या स्त्रियांनी जे ओळखले होते ते मूलभूत होते. मागून चढण्याची कितीही वर्षे एकत्र केली तरी त्यांची बेरीज आघाडी होत नाही.

मिरियमशी ज्याचा १९३२ साली विवाह झाला, तो रॉबर्ट अंडरहिल हार्वर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवीत असे आणि आल्प्समधील दोराच्या पद्धती त्याने बारकाईने अभ्यासल्या होत्या. कॅलिफोर्नियातील सिएरा क्लबच्या पत्रिकेत फेब्रुवारी १९३१ मध्ये दोराचा उपयोग व व्यवस्था यांवर त्याचा एक दीर्घ लेख आला, आणि फ्रान्सिस फार्कुहार याच्या निमंत्रणावरून त्याच उन्हाळ्यात तो स्वतः सिएरा नेवाडाच्या रांगेत येऊन तेथील तरुणांना प्रत्यक्ष पाठ देऊन गेला. १६ ऑगस्ट रोजी त्याने ग्लेन डॉसन, ज्यूल्स आयकॉर्न आणि नॉर्मन क्लाइड यांच्यासह माउंट व्हिटनीची पूर्वभिंत प्रथमच चढली. डॉसन आणि आयकॉर्न हे दोघेही तेव्हा विशीच्या आतबाहेरचे होते. गुरू आला, शिकवून परत गेला, आणि शिष्य आपल्या गावी उरले. पुढचे जे घडले ते या शिष्यांच्या मंडळातच घडले, आणि तेथेच आपल्याला थोडे थांबले पाहिजे.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेस बर्कली हे विद्यापीठाचे गाव आहे, आणि त्याच्या टेकड्यांवर, भरवस्तीत, घरांच्या मधे ज्वालामुखीजन्य खडकाचे काही उंचवटे उभे आहेत. त्यांपैकी एक क्रॅगमाँट आणि दुसरा इंडियन रॉक. रिचर्ड लिओनार्ड हा कायद्याचा विद्यार्थी आणि त्याचे काही मित्र यांनी १९३२ साली क्रॅगमाँट क्लाइंबिंग क्लब काढला, आणि तो लवकरच सिएरा क्लबच्या प्रस्तरारोहण विभागात विलीन झाला. ही मंडळी रविवारी जमत आणि तेथे जे करत ते त्या काळच्या कोणत्याही इंग्रज आरोहकाला वेडेपणाचे वाटले असते. ती मुद्दाम पडत.

प्रयोग असा असे. एक जण वर बसे. त्याने स्वतःला मागच्या खडकाशी पक्के बांधून घेतलेले असे, दोन्ही पाय पुढच्या उंचवट्याला रोवलेले असत, आणि दोर पाठीमागून कमरेला, नितंबांच्या किंचित वर, वळसा घालून दोन्ही हातांत घेतलेला असे. एक हात चढणाऱ्याच्या बाजूचा, तो केवळ दोराचा अंदाज घेणारा. दुसरा हात मोकळ्या बाजूचा, तो आवरणारा. अंगात जाड कोट, हातांत कातडी मोजे. दुसरा जण दोर बांधून, त्यात मुद्दाम काही फूट ढील ठेवून, कड्याच्या काठावरून स्वतःला सोडून देई. झटका येई. पहिल्या स्वाभाविक प्रतिक्रियेने धरणारा दोर गच्च आवळून धरी, आणि तसे केले की भार एकवटून त्याला जागेवरून उपटू पाही किंवा दोराच्या तंतूंना तोडू पाही. म्हणून त्याला निराळे शिकावे लागे: झटका आला की दोर थोडासा सरकू द्यायचा, कमरेवरून घासत जाऊ द्यायचा, आणि आवरणारा हात अंगाभोवती हळूहळू पुढे आणत घर्षण वाढवीत न्यायचे, म्हणजे पडणारा एका क्षणात न अडता काही फुटांत थांबतो. दोर फार सरकू दिला तर तळहात भाजतो आणि पडणारा खडकावर आदळतो. फार लवकर आवळला तर दोर संकटात येतो. या दोहोंमधले प्रमाण पुस्तकात सांगता येत नाही. ते कमरेला कळावे लागते, आणि कमरेला ते पुन्हा पुन्हा झटके घेऊनच कळते.

हे लिहिताना मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती या मंडळींची क्रमवारी. लिओनार्ड आणि त्याचे मित्र तरुण होते, अंगात रग होती, आणि योसेमिटीच्या हजार हजार फुटी ग्रॅनाइटच्या भिंती काही तासांच्या प्रवासावर होत्या. तरीही गावातल्या या बुटक्या खडकांवर वर्षाहून अधिक काळ पडण्याची आणि धरण्याची तालीम झाल्याखेरीज दोर घेऊन तेथे जायचे नाही, असा निर्बंध त्यांनी आपणच आपल्यावर घातला. ज्याला दुसऱ्याचे पडणे सांभाळता येत नाही त्याने आघाडीची उमेद धरू नये, असा त्यांचा दंडक होता. उमेदवारीचा क्रम येथे उलटा झाला. पूर्वी माणूस मागून चढत चढत पुढे जाई; आता तो आधी वर बसून दोर धरायला शिके, अनेकांना पडताना पाही, स्वतः अनेकदा पडे, आणि मग पुढे होई; त्या वेळी पडणे हा त्याच्या लेखी अज्ञात भयाचा विषय राहिलेला नसे. खाली बसलेला आपला सोबती काय करील हे त्याला ठाऊक असे, कारण ते त्याने स्वतः केलेले असे.

सप्टेंबर १९३३ मध्ये ते योसेमिटीत दोर घेऊन उतरले. हायर कॅथीड्रल स्पायर या सुळक्यावरील पहिल्या प्रयत्नात त्यांच्याजवळ धड मेखाही नव्हत्या, मोठे खिळेच त्यांनी वापरले. पुढे म्युनिकच्या शूस्टर या दुकानातून खऱ्या मेखा मागवल्या गेल्या, आणि १५ एप्रिल १९३४ रोजी लिओनार्ड, आयकॉर्न आणि बेस्टर रॉबिन्सन हे माथ्यावर पोहोचले. याच मंडळात डेव्हिड ब्राउअर घडला, जो पुढे सिएरा क्लबचा पहिला कार्यकारी संचालक म्हणून अमेरिकेच्या वनरक्षणाच्या चळवळीत विख्यात झाला. ऑक्टोबर १९३९ मध्ये रॉबिन्सन, ब्राउअर, जॉन डायर आणि रॅफी बेडेन या चौघांनी न्यू मेक्सिकोतील शिपरॉक जिंकला, आणि त्या वेळी कातळाला भोक पाडून बसवायचे प्रसरणशील बोल्टही वापरले. त्या बोल्टांशी आपला पुढे संबंध येणार आहे.

मग युद्ध आले, आणि युद्धाने एक अकल्पित गोष्ट केली. जपानने फिलिपाइन्स व्यापताच मनिला दोराचा पुरवठा तुटला, आणि अमेरिकन लष्कराला पर्वतयुद्धासाठी दुसरा दोर शोधणे भाग पडले. सैन्याच्या रसदखात्याने ज्यांना वॉशिंग्टनला बोलावले त्यांत लिओनार्ड आणि रॉबिन्सन हे होते. नायलॉनचा दोर कसाला लावला गेला, आणि तो बळकट तर निघालाच, पण ताणला जाणारा निघाला. क्रॅगमाँटवर कमरेने जे काम करायचे त्यातले निम्मेअधिक आता दोर स्वतःच करू लागला. आरोहणाचे ज्ञान घेतलेल्या दहाव्या पर्वतीय तुकडीच्या शिपायांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये इटलीत रीवा रिजचा कडा रात्रीच्या अंधारात चढून शत्रूला गाफील गाठले.

लिओनार्ड आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील अर्नोल्ड वेक्सलर यांनी १९४६ साली आघाडीच्या माणसाच्या बिलेविषयी, म्हणजे त्याचा दोर धरण्याविषयी, एकत्र लेख लिहिला, आणि १९५० साली वेक्सलरने त्यामागील गणित मांडले. या गणिताचा एक निष्कर्ष नवशिक्याच्या सर्व सहजप्रवृत्तींना उलटा आहे, म्हणून तो येथे नीट सांगतो. दोरावर येणारा झटका माणूस किती खोल पडला यावर ठरत नाही; तो पडला त्या अंतराचे, सुटलेल्या दोराच्या लांबीशी जे गुणोत्तर असेल त्यावर ठरतो. समजा, एक जण दोर धरणाऱ्यापासून तीनच मीटर वर गेला आहे आणि वाटेत त्याने आधार घेतलेला नाही. तो निसटला तर सहा मीटर पडेल, आणि ते सहा मीटर सोसायला दोर आहे तीन मीटर. गुणोत्तर दोन, म्हणजे जास्तीत जास्त. दुसरा वीस मीटर वर आहे, आणि त्याची शेवटची मेख सतराव्या मीटरवर आहे. तोही सहाच मीटर पडेल, पण ते सहा मीटर वीस मीटर दोरात वाटले जातील. गुणोत्तर एकतृतीयांशाहूनही कमी. आता नवशिक्याचे मन पाहा. तीन मीटरवर, सोबती हाकेच्या अंतरावर असताना, त्याला सुरक्षित वाटते आणि मेख मारण्याचा तो आळस करतो. वीस मीटरवर, खाली पोकळी पसरलेली असताना, त्याचे हातपाय कापतात. दोराच्या हिशेबाने त्याचे धैर्य आणि त्याचे भय दोन्ही चुकीच्या जागी आहेत. दोर धरणाऱ्याची जागा सोडताच पहिला आधार घ्यावा, हा पाठ तेव्हापासून आघाडीच्या शिक्षणात अग्रभागी आहे. आणि शिक्षकाला आता ‘मी सांगतो म्हणून’ असे म्हणण्याची गरज उरलेली नाही.

युद्धोत्तर इंग्लंडात हे शिक्षण शाळांच्या कक्षेत आले. डर्बीशायरचा शिक्षणाधिकारी जॅक लाँगलंड, ज्याने १९२८ साली वेल्समधील क्लॉग्विन दू’र आर्डूच्या काळ्या भिंतीवर स्वतःच्या नावाची वाट पाडली होती, त्याने १९५०च्या दशकाच्या आरंभी व्हाइट हॉल हे केंद्र उघडून गिरण्या-खाणींच्या गावांतील मुलांना कातळावर आणले. मेखांना विरोध करणाऱ्या तेथील आरोहकांनी भेगांत अडकवायला आधी खिशात गोटे नेले, मग आगगाडीच्या रुळांजवळ सापडणाऱ्या लोखंडी नटांत दोरी ओवली, आणि १९६० नंतर त्याच कामासाठी धातूचे खास तुकडे घडवले जाऊ लागले. शिक्षकाच्या दृष्टीने यात एक मोठी सोय होती. हातोडीविना बसवलेला आणि हातानेच निघणारा आधार शिष्याने कसा लावला हे मागून येऊन एकेक करून तपासता येते. शिवाय शिष्याच्या अंगाला वरूनही एक दोर बांधून त्याला खोटी आघाडी घ्यायला लावता येते, ज्यात सारे निर्णय त्याचे, पण पडण्याची भीती उसनी. जुन्या शिरस्त्यात जी मधली पायरी नव्हती ती अशी निर्माण झाली.

आपल्या देशात ही विद्या पद्धतशीरपणे आली ती दार्जिलिंगच्या मार्गाने. एव्हरेस्टच्या विजयानंतर दीड वर्षाने, ४ नोव्हेंबर १९५४ रोजी, तेथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. मेजर नरेंद्र धर जयाल हे पहिले प्राचार्य आणि तेनझिंग नोर्गे क्षेत्रीय प्रशिक्षणाचे संचालक. तत्पूर्वी तेनझिंग आणि काही शेर्पा स्वित्झर्लंडमध्ये अर्नोल्ड ग्लाटहार्ड याच्या रोझेनलाउई येथील शाळेत शिकवण्याचे शास्त्र शिकून आले होते. एव्हरेस्टवर उभा राहिलेला माणूस पुन्हा उमेदवार होतो, ही गोष्ट मला त्याच्या शिखराइतकीच उंच वाटते. १९६५ साली उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट निघाली. त्याच १९५४ साली मुंबईत गिरिविहार ही संस्था निघाली होती, आणि उत्तरेच्या या संस्थांतून शिकून आलेल्या मराठी तरुणांनी मुंब्र्याच्या डोंगरावर, खंडाळ्याच्या नागफणीवर, तैलबैलाच्या भिंतींवर आणि लिंगाण्यासारख्या सुळक्यांवर आपली विद्या पारखायला आरंभ केला.

ती पारखताना त्यांना कळले असेल की पुस्तकातला कातळ निराळा आणि सह्याद्रीतला निराळा. आपला काळा पाषाण लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला; वीस-तीस फूट उभी भिंत, मग गवताची पट्टी, मग घसारा, मग पुन्हा भिंत, अशी त्याची रचना. योसेमिटीच्या ग्रॅनाइटप्रमाणे सरळ, खोल, हातोडीची वाट पाहणाऱ्या भेगा येथे थोड्या. ज्या आहेत त्यांत माती आणि मुळे. धरायला उत्तम वाटणारा धोंडा मुळापासून सुटा असू शकतो. म्हणून येथे मेखांच्या जोडीला कातळात भोक पाडून बसवायच्या बोल्टांचा आधार अपरिहार्य झाला. आणि बोल्ट एकदा बसला की चार महिन्यांचा पाऊस दरवर्षी त्याच्यावर पडतो, गंज आत शिरतो, आणि वरून चकाकणारे लोखंड आतून किती उरले आहे ते डोळ्यांना सांगता येत नाही.

अशा ठिकाणी आघाडीचा पहिला पाठ हातोडीच्या आवाजाचा असतो. खडकावर हलके ठोकून तो खणखणतो की बद्द वाजतो ते ऐकायचे. मेख मारताना प्रत्येक घावागणिक तिचा स्वर चढत जातो की एकाच जागी राहतो ते ऐकायचे, कारण स्वर चढला तर ती घट्ट होत आहे, आणि चढला नाही तर भेग पोकळ आहे किंवा खडक सुटा आहे. हा कान पुढे चालणाऱ्याला मिळायला वेळ लागतो, आणि तो मिळवण्याची सर्वांत चांगली जागा मागची आहे. आघाडीने मारलेल्या मेखा काढीत येणे हे मागच्याचे काम; कोणती मेख दोन घावांत हातात आली आणि कोणती घाम फुटेपर्यंत हलली नाही, हे त्याला जितके कळते तितके ती मारणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून सह्याद्रीत आघाडीची उमेद धरणाऱ्याने निदान एक हंगाम चांगल्या आरोहकाच्या मागून मेखा काढीत चढावे, प्रत्येक मेख काढण्यापूर्वी तिच्याविषयी मनाशी अंदाज बांधावा, आणि माथ्यावर पोहोचल्यावर आघाडीच्या माणसासमोर बसून त्यातल्या कोणत्या टिकल्या असत्या आणि कोणत्या नसत्या याचा झाडा घ्यावा.